दर चाळीस सेकंदांनी

१

मंगळवारी सकाळी भाचीचा फोन आला तेव्हा मी दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून पडले होते आणि छतातल्या स्पीकरवर तिचंच 'होडीवाला' चालू होतं. गेल्या वर्षभरात हे गाणं मी लिफ्टमध्ये ऐकलंय, बँकेत ऐकलंय, आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या पोपटाच्या तोंडून ऐकलंय. भाची माझी, गाणं चांगलं, सगळं मान्य. तरी त्या होडीवाल्याने आता एकदाचं पैलतीराला लागावं असं मला मनापासून वाटत होतं.

"मावशी, नवा अल्बम चोरीला गेला."

माझ्या तोंडात कापूस होता. मी फक्त "आँ" म्हणाले.

"दोन्ही डिस्क! अकराच्या अकरा गाणी! तू लगेच ये. आई म्हणाली, मावशीला सांग, ती शोधेल."

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. दुसऱ्याला कामाला लावण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. मी एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले, जळालेल्या दुकानांचे आणि हरवलेल्या हारांचे. त्या पुण्याईवर आता घरात कोणाची छत्री हरवली तरी मलाच बोलावणं येतं. अर्धा ओठ बधिर, तशीच निघाले.

थोडक्यात प्रकरण असं. भाची गाते आणि व्हायोलिन वाजवते. तिच्याबरोबर दोघं: गिटार वाजवणारा आणि गाणी रचणारा, त्याला सगळे कवी म्हणतात, आणि ड्रमवाला, तो भोपळा. जुन्या लोकगीतांना गिटार-ड्रमची जोड देऊन तिघांनी पहिला अल्बम काढला आणि तो तुफान चालला. दुसऱ्या अल्बमच्या वेळी कंपनी म्हणाली, आता आमच्या स्टुडिओत, आमच्या माणसाकडून रेकॉर्डिंग करा. भाची अडून बसली, करू तर पहिल्यासारखं काकांकडेच. कंपनीने ऐकलं, पण अट घातली. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अल्बम हातात पडला नाही, तर गाणी कंपनीचा माणूस नव्याने करणार. मग काका बाहेर, आणि भोपळ्याच्या जागी यंत्र बसवलं तरी कोणी तोंड उघडायचं नाही.

पहिल्या अल्बमची दोन गाणी वेळेआधीच बाहेर फुटली होती. म्हणून या वेळी कोणाच्याही फोनवर एक सूरसुद्धा ठेवायचा नाही असा नियम. एक डिस्क, तिची एक प्रत, दोन्ही काकांच्या कपाटात. चोराची काय सोय केली होती बघा!

२

काकांचा स्टुडिओ म्हणजे जुनं गोदाम. दोन माणसं एकावर एक उभी केली तरी हात पोचणार नाही असं छत, भिंतींवर जाड गाद्या, मध्ये ड्रम, आणि काचेपलीकडे काकांची छोटी खोली. काका हे कोणाचेच सख्खे काका नव्हेत. त्या धंद्यातले सगळेच त्यांना काका म्हणतात. वय अडुसष्ट. तार केसभर उतरली तरी ते शेजारच्या खोलीतून ओरडतात अशी त्यांची ख्याती. भाची सोळा वर्षांची असताना शाळेच्या समारंभात गायली, तेव्हा "या मुलीच्या वरच्या सुरात काहीतरी आहे" असं पहिल्यांदा म्हणाले ते काकाच.

काका पाठमोरे उभे होते. "कपाट कोणतं?" मी मागून विचारलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, मोठी माणसं, आपल्याला कशाला दाद देतील.

तेवढ्यात छतातून आवाज आला. "टिंव्."

मी दचकले. माझा डावा कान कधीच कामातून गेलाय, उजव्यात ऐकण्याचं यंत्र आहे, आणि त्या यंत्राचं माणसांपेक्षा असल्या आवाजांवरच जास्त प्रेम.

"स्मोक अलार्म आहे," भाची म्हणाली. "बॅटरी संपत आली की असा ओरडतो."

"मग बदला की."

"शिडी लागते मावशी. मी सांगितलंय कोणाला तरी. तीन आठवडे झाले."

"टिंव्," अलार्म म्हणाला. मी घड्याळ लावलं. बरोबर चाळीस सेकंद. इतका शिस्तीचा त्या खोलीत तो एकटाच होता.

कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली दारामागच्या खिळ्यावर. ती तिथे असते हे सगळ्यांना ठाऊक. "मग कुलूप कशाला लावता?" मी विचारलं. "काका म्हणतात, सवय असावी," भाची म्हणाली. मी कपाळावर हात मारला.

कपाट रिकामं. फक्त दोन वायरी होत्या. "या मशीनलाच लावलेल्या असतात," भाची म्हणाली, "चोरानेच काढून ठेवल्या असणार." मोठाले सैल वेढे घालून, कापडी पट्टीने बांधून, अगदी देवघरात ठेवाव्यात तशा ठेवल्या होत्या. बोलता बोलता तिने माइकची एक वायर उचलून कोपराभोवती गुंडाळायला घेतली, तर काचेमागून काका धावतच आले.

"कोपरावर नाही! आत पीळ बसतो! दहा वर्षं झाली सांगून!"

भाचीने निमूट वायर सोडली. कवीच्या वायरी जमिनीवर सांडल्यासारख्या पडल्या होत्या. भोपळ्याला वायरी लागतच नाहीत.

"तुम्ही डिस्क शेवटच्या कधी पाहिल्यात?" मी काकांसमोर जाऊन विचारलं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. बधिर ओठ एका बाजूला लोंबत असणार, आणि हा गृहस्थ खुशाल बघतोय!

"शनिवारी संध्याकाळी कपाटाला कुलूप मी लावलं," काका म्हणाले. "सोमवारी हिने उघडलं."

"टिंव्."

मी पुन्हा दचकले. भाचीने डोळे मिटून घेतले. काका शांतपणे मिशीवरून बोट फिरवत राहिले. काय हो हा संयम, मला वाटलं. माझ्या अंगी त्यातला चमचाभर जरी असता!

३

कवी बाहेर पायरीवर बसला होता.

"गेला ते बरंच झालं," तो म्हणाला.

"का रे बाबा?"

"मावशी, तो अल्बम नव्हता, होडीवाल्याचा धाकटा भाऊ होता. कंपनीला पुन्हा नदी हवी, पुन्हा होडी हवी. मी सुचवलं, निदान या वेळी होडी बुडू दे. म्हणे, लोकांना वाईट वाटेल. मी सगळ्यांसमोर बोललोय, हे बाहेर पडण्यापेक्षा जळालेलं बरं."

"मग जाळलंस?"

"मी?" त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. "एवढा उरक असता तर बारावं गाणं नसतं का लिहिलं?"

एकतीस वर्षांत मी पुष्कळ खोटी उत्तरं ऐकली आहेत. हे आळशी होतं, खोटं नव्हतं. उघड्या दारातून पुन्हा "टिंव्" ऐकू आलं.

"हे गाण्यांमध्ये येत नाही का रे?"

"येतं ना. आम्ही एकाच खोलीत, सगळे एकदम वाजवतो. पण काका काढतील ते."

भोपळा आत ड्रमपाशी केळी खात होता. मी पोचेपर्यंत चार सालं झाली होती. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल, त्यामुळे मला यंत्राशिवायही ऐकू येतो.

"तो अलार्म तू का नाही बदलत? सगळ्यात उंच तू."

"शिडी गोदामाच्या मालकाच्या माणसाकडे असते. कवी बोलणार होता त्याच्याशी." आणि मग, "असू दे हो, काका काढतातच ते."

"तुला दुसऱ्या बँडचं बोलावणं आलंय म्हणे, कवी सांगत होता."

केळं अर्ध्यावर थांबलं. भोपळ्याने दाराकडे बघितलं आणि त्याचा आवाज आणखी खाली गेला.

"मावशी, एक सांगतो. तुमच्या भाचीला सांगू नका. बाहेरच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे असते. रविवारी दुपारी मी इथे आलो होतो. कपाट उघडलं."

"चोरायला?"

"ऐकायला! कंपनीवाले म्हणतात माझा ठेका डळमळतो, यंत्र बसवू. मला एकट्याला, कोणी नसताना, नीट ऐकायचं होतं की खरंच डळमळतो का." त्याने साल घडी करून ठेवलं. "पण कपाट तेव्हाच रिकामं होतं."

४

म्हणजे चोरी सोमवारची नव्हे. शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार.

"शनिवारी तुम्ही इथून कधी निघालात?" मी भाचीला विचारलं.

"पाचला, तिघंही. भोपळ्याच्या बहिणीचं लग्न होतं ना, चार तासांवर. रात्री तिथेच राहिलो, रविवारी सकाळी एकाच गाडीने परत."

"आणि काका?"

"ते मागे थांबले, कुलूप लावायला."

बाहेरच्या दाराच्या किल्ल्या दोनच, एक काकांकडे आणि एक भोपळ्याकडे. भोपळ्याची किल्ली शनिवारी त्याच्याबरोबर लग्नाला गेली होती. दार फोडलेलं नाही, खिडकी नाही. हिशेब चिमुरड्या पोरालाही सुटला असता. आणि त्या वायरी! घाईतला चोर वायर उपटून फेकतो. इथे एकाने ती नीट वेढे घालून, पट्टी बांधून ठेवली होती, कारण त्याचे हात दुसरं काही करूच शकत नव्हते.

डिस्क काकांनी नेल्या होत्या. पण का? अल्बम बुडाला तर सगळ्यात आधी बुडणार ते काकाच. स्वतःच्याच घराला आग लावणारे मी बरेच पाहिलेत, पण त्यांचा निदान विमा तरी असतो.

मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. भाची त्याला टाय म्हणते.

"मॅडम, मला तर संशय येतो की अल्बमच झालेला नाही," टाय म्हणाला. "मागच्या आठवड्यात तुमच्या लोकांनी इथे येऊन मला एकच गाणं ऐकवलं आणि लगेच परत नेलं. खरं सांगू? कानात सुई गेल्यासारखं वाटलं. व्हायोलिन तर असं टोचत होतं! पहिल्या अल्बमचं मिक्सिंग किती गोड होतं. हां, ती मध्ये मध्ये वाजणारी बारीक घंटा मात्र छान आहे. ती राहू द्या."

मी फोन ठेवला.

"काय म्हणाला?" भाचीने विचारलं.

"त्याला तुमच्या स्मोक अलार्ममध्ये भविष्य दिसतंय."

ती हसली नाही. शेजारी येऊन बसली. "मावशी, एक विचारू? काका माझ्यावर रागावलेत का गं? भोपळ्याशी बोलतात, कवीशी बोलतात. मी काही म्हटलं की नुसती मान हलवतात, नाहीतर म्हणतात, कागदावर लिहून दे. पूर्वी प्रत्येक गाण्याला ओरडायचे. वर कमी पडतेस, वर कमी पडतेस. या अल्बमला एकदाही ओरडले नाहीत. माझं गाणं त्यांना आवडेनासं झालंय."

तिचे डोळे भरले होते. जगभर होडीवाला गाजवून आलेली बाई, आणि कोणी ओरडत नाही म्हणून रडते.

"टिंव्."

५

माझं डोकं उठलं. "बस झालं!" मी ओरडले आणि कानातलं यंत्र उपसून मुठीत धरलं.

आणि एकदम शांतता.

भाचीचे ओठ हलत होते. तिचा बारीक आवाज माझ्यापर्यंत येतच नव्हता. भोपळा मात्र खोलीच्या टोकाला काहीतरी म्हणाला ते थोडंफार कळलं. घड्याळाचा काटा पुढे सरकला. चाळीस सेकंद झाले. भाचीने दचकून वर पाहिलं, कवीने दारातून छताला शिवी दिली असावी.

मला काहीच ऐकू आलं नाही.

मी काचेकडे पाहिलं. पलीकडे काका बसले होते, मिशीवरून बोट फिरवत, अगदी शांत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! यंत्र घ्यायच्या आधी चार वर्षं मी हेच केलं होतं. लोकांच्या ओठांकडे बघायचं, कळलं नाही की मान हलवायची, लिहून द्या म्हणायचं, सगळे हसले की अर्ध्या सेकंदाने आपणही हसायचं. एकदा ऑफिसातली एक बाई आईच्या आजाराचं सांगत होती आणि मी तिच्याकडे बघून छान हसले. ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. त्या चार वर्षांत मी जे लपवलं ते सगळं हा माणूस सकाळपासून माझ्यासमोर करत होता, आणि मी त्याला शिष्ट ठरवून बसले होते.

वय झालं की आधी बारीक आणि उंच आवाज जातात. खोल आवाज राहतात. म्हणून भोपळ्याशी गप्पा आणि भाचीला कागद. म्हणून व्हायोलिन टोचत होतं, कारण काकांना ते ऐकू येईपर्यंत वाढवलेलं होतं. आणि तीन आठवडे ती टिंवटिंव प्रत्येक गाण्यात शिरत होती, तिघांनाही ऐकू येत होती, आणि तिघंही एकच वाक्य म्हणत होते: काका काढतील. काकांना सांगायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्या कानांना आपण काय सांगणार!

६

बुधवारी सकाळी मी काकांच्या घरी गेले. दारावरची बेल तीनदा वाजवली. कोणी आलं नाही. मग मुठीने दार बडवलं, तेव्हा आले.

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, शेजारी दोन्ही डिस्क. पडद्यावर गाण्याची रेघ, आणि त्या रेघेतून ठरावीक अंतरावर एक बारीक खिळा वर आलेला.

काकांनी ते झाकायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. खाली बसले.

मी त्यांच्या समोर खुर्ची ओढली, चेहरा उजेडात येईल अशी बसले आणि सावकाश बोलले. "कपाटाला कुलूप लावलं म्हणालात. आत काय होतं ते मी विचारलं नाही. चूक माझी."

"शनिवारी सगळे गेल्यावर शेवटचं गाणं तपासत होतो," काका म्हणाले. "मध्ये ती थांबते, पूर्ण शांत. आणि पडद्यावर हा खिळा. मला वाटलं मशीन बिघडलं. मागचं गाणं लावलं, त्यातही होता. सगळ्यांत होता." त्यांचा हात टेबलावर उघडा पडला होता. "मला काहीच ऐकू येत नव्हतं हो. काय आहे तेही कळेना."

"विचारायचं होतंत."

"कोणाला? माझ्या खोलीत काय वाजतंय, हे मी पोरांना विचारू? ती पोरगी कंपनीशी भांडली माझ्यासाठी. माझ्या कानांसाठी." त्यांनी पडद्यावरच्या रेघेकडे बोट केलं. "डोळ्यांनी बघून एकेक खिळा काढतोय. चार गाणी झाली. सात राहिलीत. गुपचूप परत ठेवणार होतो. सोमवारी ती कपाट उघडेल असं वाटलं नव्हतं."

मला त्यांचा राग आला होता, तो ओठांवर होता, आणि तो तिथेच विरला. चार वर्षं मी तरी कोणाला सांगितलं होतं?

"चला," मी म्हणाले. "डिस्क घ्या."

७

स्टुडिओत तिघं उभे होते. काकांनी डिस्क टेबलावर ठेवल्या आणि दोनच वाक्यांत सगळं सांगितलं. "मला वरचं ऐकू येत नाही. वर्ष होत आलं."

 भोपळ्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. भाची मात्र तशीच उभी राहिली.

"म्हणजे माझं गाणं..." ती म्हणाली.

काकांनी तिच्या ओठांवरून वाचलं. "दिसायचं," ते म्हणाले. "मशीनचे काटे हलायचे. तू छानच गात असशील, असं धरून चाललो होतो."

मी माझं यंत्र काढलं, पुसलं आणि काकांपुढे धरलं. "लावा. दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखं होईल, नंबर तुमचा नाही. पण अक्षर दिसेल."

ते नको नको म्हणाले. मी एकतीस वर्षं लोकांकडून कबुल्या घेतल्या आहेत. ते यंत्र त्यांच्या कानात गेलं.

आता मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून पुढचं सगळं मी बघितलेलं सांगते. शुक्रवारी साडेअकराला अल्बम कंपनीत पोचला, राहिलेली सात गाणी आणि टोचणारं व्हायोलिन भाचीच्या कानांनी आणि काकांच्या हातांनी दोन दिवसांत निस्तरलं, हेही आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. टायने घंटा कुठे गेली म्हणून विचारलं.

तर, काका यंत्र लावून उभे होते. मी घड्याळाकडे बघत होते. पस्तीस, अडतीस, चाळीस.

काका हादरले. त्यांनी मान वर केली, तोंड उघडं पडलं, आणि मग त्या गृहस्थांचा जो संताप झाला! चेहरा लालबुंद, बोट छताकडे, मिशी थरथरतेय. इतके मोठ्याने ओरडले की मला यंत्राशिवाय अर्धं कळलं आणि उरलेलं ओठांवरून.

"हे वाजतंय? तीन आठवडे हे माझ्या खोलीत वाजतंय? आणि तुम्हा गाढवांपैकी एकालाही बॅटरी बदलता आली नाही?"

कवीने भोपळ्याकडे बोट दाखवलं. भोपळ्याने कवीकडे. मग दोघंही शिडीसाठी एकदमच धावले आणि दारात अडकले.

काका भाचीकडे वळले. "गा," एवढंच म्हणाले.

तिने डोळे मिटले आणि गायला लागली. कोणतं गाणं, मला माहीत नाही. तिचा गळा ताणलेला दिसला, हनुवटी वर गेली, म्हणजे उंच सुरावर पोचली असावी. काका एक कान तिच्याकडे करून उभे होते. त्यांचे डोळे वाहत होते, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग अचानक त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. ओठ मला स्पष्ट दिसले.

"वर कमी पडतेस."

भाची हमसाहमशी रडायला लागली आणि हसायलाही. तिने पुन्हा तोच सूर धरला.

तोवर शिडी आली होती. भोपळा वर चढला, कवी खालून नको तिथे धरून सूचना देत होता. बॅटरी कधी निघाली ते मला कळायचा मार्ग नव्हता. मी काकांकडे बघत राहिले. त्यांनी छताकडे पाहिलं, चाळीस सेकंद वाट बघितली, आणि मान डोलावली.